पेगन धर्मातला पुरुष आणि त्याचा देव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधुनिक पेगन धर्मांविषयी मराठीत लिहू लागल्यापासून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात. त्यांपैकी पुरुषदेवता आणि पुरुष साधक यांच्याशी संबंधित प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही परदेशात राहणाऱ्या मराठी आईवडिलांचे, तर काही स्वतः या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांचे. दोन उत्तरे एकमेकांना लागून येतात तेथे तेच पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘पेगन’ म्हणजे नेमके कोण? हा शब्द तर शिवीसारखा वापरत असत ना?

होय, वापरत असत. लॅटिनमधील ‘पागानुस’ म्हणजे खेड्यातला माणूस किंवा, काही अभ्यासकांच्या मते, सैन्याबाहेरचा सामान्य माणूस. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर जुने देव न सोडणाऱ्यांना हे नाव हेटाळणीने दिले गेले, आणि विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील काही लोकांनी तेच नाव आपण होऊन स्वीकारले. मराठीत त्याचे ‘मूर्तिपूजक’ असे भाषांतर केले जाते, पण ते दिशाभूल करणारे आहे, कारण अनेक पेगन मूर्ती ठेवतच नाहीत. म्हणून येथे ‘पेगन’ हाच शब्द ठेवला आहे.

हा एक धर्म नसून धर्मांचे कुटुंब आहे. त्यात इंग्लंडमध्ये उगम पावलेला विक्का, प्राचीन केल्टिक पुजाऱ्यांचा वारसा सांगणारी ड्रुइड परंपरा, उत्तर युरोपातील जुन्या देवांना मानणारी आसात्रू, लिथुआनियातील रोमुवा आणि ग्रीक देवतांचे पुनरुज्जीवन करणारे गट येतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ आणि सुमारे १३ हजार लोकांनी ‘विक्का’ असा लिहिला.

२. विक्का हा देवीचा धर्म आहे असे सगळीकडे वाचले. मग त्यात पुरुषदेव कोठून आला?

इतिहासाचा क्रम याच्या उलट आहे. देव आधी होता आणि देवी नंतर पुढे आली.

इजिप्तच्या पुराणवस्तूंच्या अभ्यासक मार्गारेट मरी यांचा जन्म १८६३ साली कलकत्त्यात झाला. त्यांनी १९२१ मध्ये अशी मांडणी केली की, युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना जाळले किंवा फाशी दिले गेले, ते लोक प्रत्यक्षात एका जुन्या, लपून टिकलेल्या धर्माचे अनुयायी होते. १९३१ च्या पुस्तकात त्यांनी या धर्माचा केंद्रबिंदू म्हणून एका शिंगधारी देवाला उभे केले. ही मांडणी पुढे टिकली नाही (प्रश्न ४ पाहा), पण तिच्यावर विश्वास ठेवून जेराल्ड गार्डनर यांनी विक्काची घडी बसवली. गार्डनर (१८८४–१९६४) यांचे उमेदीचे आयुष्य सिलोन, बोर्निओ आणि मलायात मळ्यांवर आणि नंतर जकात खात्यात गेले. ब्रिटनमधील चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाल्यावर, १९५४ मध्ये त्यांनी या धर्माची उघड ओळख करून देणारे पुस्तक लिहिले, आणि त्याला प्रस्तावना मरी यांचीच होती.

गार्डनर यांच्या मंडळात शिंगांचा देव आणि चंद्राची देवी हे जोडपे पूजले जाई. देवीला आजचे अग्रस्थान मिळाले ते आधी त्याच मंडळातील पुजारीण डोरीन व्हॅलिएंटी (१९२२–१९९९) यांच्या प्रभावी विधिरचनांमुळे आणि नंतर १९७० च्या दशकातील अमेरिकी स्त्रीवादामुळे. हजारो वर्षे ‘पिता’ म्हणून एकाच देवाला हाक मारणाऱ्या समाजात वाढलेल्या स्त्रियांना ती देवी हवीच होती. मात्र तिच्या शेजारचा देव त्या काळात अंधुक झाला. कोठे तो केवळ देवीचा प्रियकर उरला, कोठे तिचा मुलगा, तर कोठे विधीत नुसता नाव घेण्यापुरता. तो स्वतः कोण आहे हा प्रश्न पेगन पुरुषांनी नेटाने विचारायला त्यानंतर सुरुवात केली, आणि या पानावरील बहुतेक प्रश्न त्याच शोधातून आलेले आहेत.

३. शिंगे असलेला देव म्हणजे शेवटी सैतानच ना?

नाही. सैतान ही ख्रिस्ती धर्मातील कल्पना आहे, आणि ज्यांच्या धर्मात ख्रिस्ताचा देव नाही त्यांच्याकडे त्या देवाचा शत्रूही असू शकत नाही. बकऱ्याच्या पायांचा सैतान बायबलात कोठेच वर्णिलेला नाही. ते रूप चित्रकारांनी घडवले, आणि त्यात ग्रीसच्या अर्केडिया प्रदेशातील मेंढपाळांचा देव पान याच्या खुरांचा आणि शिंगांचा मोठा वाटा आहे.

मुळात शिंग हे दुष्टतेचे चिन्ह कधीच नव्हते. मेसोपोटेमियाच्या शिल्पांत देव ओळखायचा तो त्याच्या शिंगांच्या मुकुटावरून. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर पाडलेल्या त्याच्या नाण्यांवर कानाभोवती आमोन देवाची मेंढ्याची शिंगे वळलेली दिसतात. मायकेलअँजेलोने घडवलेल्या मोझेसच्या डोक्यावरही दोन शिंगे आहेत, कारण त्याच्या चेहऱ्याच्या तेजाचे वर्णन करणारा हिब्रू शब्द लॅटिन बायबलात ‘शिंगे असलेला’ असा उतरला होता. विक्कातील देवाच्या शिंगांचा अर्थ यापेक्षा साधा आहे. हा देव माणूस आहे आणि जनावरही आहे. तो शिकारी आहे आणि ज्याची शिकार होते ते हरीणही तोच आहे. पुरुषाने स्वतःला निसर्गाचा धनी न समजता त्याच्यातलाच एक प्राणी समजावे, एवढी मोठी गोष्ट त्या दोन शिंगांनी सांगितली जाते.

४. हा देव खरोखर प्राचीन आहे, की विसाव्या शतकात तयार केलेला आहे?

दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या आहेत, आणि त्या वेगवेगळ्या ठेवणे फार गरजेचे आहे.

प्राचीन काय आहे ते आधी पाहू. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चखाली अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एका दगडी स्तंभाचे तुकडे सापडले. सम्राट टायबेरियसच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सेन नदीवरील नावाड्यांनी तो उभारला होता. त्यावर हरणाची शिंगे असलेला एक देव आहे, दोन्ही शिंगांत एकेक कडे अडकवलेले आहे आणि वर ‘केर्नुन्नोस’ असे नाव कोरलेले आहे. या देवाचे नाव आणि रूप एकत्र आढळते ते याच एका ठिकाणी.

दुसरा पुरावा डेन्मार्कचा आहे. १८९१ साली उत्तर जटलंडमध्ये गुंडेस्ट्रुप वस्तीजवळ पीट (दलदलीतली, जळणासाठी वापरली जाणारी माती) खणताना चांदीचे एक मोठे घंगाळ सापडले. त्याचे पत्रे सुटे करून त्याच्याच तळात रचून ठेवलेले होते. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यातल्या एका पत्र्यासमोर उभे राहिले की पाय तेथेच थबकतात. मांडी घालून बसलेला एक पुरुष, डोक्यावर फाटेदार शिंगे, अंगाला घट्ट बसलेले पट्ट्यापट्ट्यांचे कापड. उजव्या हातात गळ्यात घालायचे कडे वर धरलेले आहे, डाव्या हातात मेंढ्याचे डोके असलेला साप, आणि शेजारी एक हरीण उभे आहे, ज्याची शिंगे थेट त्या पुरुषाच्या शिंगांसारखीच काढली आहेत. त्याच्याजवळ शस्त्र नाही. चेहरा शांत आहे. आज पेगन घरांत शिंगांच्या देवाची जी चित्रे दिसतात त्यांतील बहुसंख्य याच पत्र्यावरून उतरलेली आहेत.

आता नवे काय ते. या देवाची कोणतीही कथा, कोणतीही प्रार्थना आपल्यापर्यंत पोचलेली नाही. तो संपूर्ण युरोपभर पूजला जात होता आणि त्याची पूजा मध्ययुगात गुप्तपणे चालू राहिली, हे मरी यांचे म्हणणे इतिहासकारांनी कागदपत्रे तपासून नाकारले आहे. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये विक्काच्या उगमाचा सविस्तर इतिहास लिहून दाखवून दिले की, केर्नुन्नोस, पान आणि इंग्रजी दंतकथेतला शिंगधारी शिकारी हर्न यांना एकाच महादेवतेची रूपे मानणे हे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कवी आणि विद्वानांच्या कल्पनेचे फळ आहे. हटन यांच्याविषयी एक आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांचा जन्म उटकमंडचा आहे, म्हणजे हा वाद मांडणारी आणि मोडणारी अशी दोन्ही माणसे भारतात जन्मली.

देव नवा घडला म्हणून त्याची भक्ती खोटी ठरत नाही, असे मला मनापासून वाटते. पण भक्तीच्या नावाखाली इतिहास बदलू नये, असेही तितकेच ठामपणे वाटते. आज बहुतेक जाणते पेगन याच भूमिकेवर आले आहेत.

५. गुंडेस्ट्रुपचा हा देव आणि मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील ‘पशुपती’ एकच आहेत का?

साम्य डोळ्यांत भरते यात शंका नाही. बसण्याची ढब तशीच आहे, डोक्यावर शिंगे आहेत, भोवती जनावरे आहेत. परंतु १९२८-२९ च्या उत्खननात मिळालेली आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली ती मुद्रा घंगाळापेक्षा सुमारे दोन हजार वर्षांनी जुनी आहे. तिच्यावरील शिंगे हरणाची नसून रेड्याची दिसतात, तिच्यावरील लिपी अजून वाचता आलेली नाही, आणि तो शिवच आहे हे पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांचे मतही आज सर्वमान्य नाही. मधल्या काळातला एकही दुवा हाती नसताना दोन चित्रे शेजारी ठेवून नाते जुळवणे म्हणजे ओढूनताणून सोयरीक जमवणे होय.

भाषेच्या आधारे जुळणारे नाते मात्र पक्के आहे. ऋग्वेदातील ‘द्यौष्पितर्’, ग्रीकांचा ‘झेउस पातेर’ आणि रोमनांचा ‘युपिटर’ ही एकाच मूळ नावाची रूपे आहेत.

६. इंग्लंडमधला ‘ग्रीन मॅन’, सर्न ॲबसचा राक्षस, शिंगे घेऊन केले जाणारे नृत्य हे सगळे जुन्या पुरुषदेवाचे अवशेष आहेत ना?

या तिघांना एका दावणीला बांधले जाते, पण तिघांच्या गोष्टी निराळ्या आहेत.

ग्रीन मॅन म्हणजे तोंडातून पाने-वेली बाहेर पडणारा चेहरा. तो मध्ययुगीन चर्चच्या खांबांवर आणि छतांवर शेकडो ठिकाणी कोरलेला आहे. मात्र त्याला हे नाव मिळाले १९३९ साली, लेडी रॅगलन यांच्या एका लेखामुळे. दगडातील हे चेहरे आणि मे महिन्यात पानांनी झाकून नाचणारा माणूस एकच आहेत असे त्यांनी सुचवले. पुढील संशोधनात तो पानांचा नाच अठराव्या शतकाच्या अखेरीस धुराडी साफ करणाऱ्यांनी सुरू केलेला आढळला. तरीही आजच्या पेगन पुरुषांना हा चेहरा अतिशय प्रिय आहे, कारण येथे पुरुषाच्या तोंडातून हुकूम नव्हे तर पाने निघतात. २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवरही तोच होता.

सर्न ॲबसचा राक्षस डॉर्सेट परगण्यातील एका टेकडीच्या उतारावर आहे. सुमारे ५५ मीटर उंच, हातात सोटा घेतलेला, उघडउघड उत्तेजित लिंग असलेला हा पुरुष गवत खरवडून आणि चरांत पांढरा खडू भरून काढलेला आहे. दर काही वर्षांनी स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून जुना, मळलेला खडू उकरतात आणि नवा ठोकून बसवतात. तसे केले नाही तर गवत त्याला गिळून टाकेल. मूल व्हावे म्हणून जोडपी येथे येत आली आहेत. तो प्रागैतिहासिक आहे असे अनेकजण समजत, तर काही अभ्यासक त्याला सतराव्या शतकातला मानत, कारण त्याचा पहिला लेखी उल्लेख १६९४ चा आहे. २०२१ साली नॅशनल ट्रस्टने मातीच्या थरांवरून काढलेला काळ इसवी सन ७०० ते ११०० चा निघाला, आणि दोन्ही बाजूंचे अंदाज चुकले. शेजारीच मठ असताना हा पुरुष तेथे का काढला गेला याची चर्चा अजून चालू आहे.

ॲबट्स ब्रॉम्ली हे स्टॅफर्डशायरमधील गाव. सप्टेंबरातील एका सोमवारी सकाळी तेथील चर्चमधून सहा जोड्या शिंगे बाहेर काढतात. ती रेनडियरची आहेत आणि सर्वांत जड जोडी अकरा किलोंच्या पुढे भरते. तीन पांढरी, तीन तपकिरी. सहा नर्तक समोरासमोर येतात, शिंगे खाली झुकवतात, मागे सरतात, आणि एका बाजूची रांग दुसऱ्या बाजूच्या रांगेतून पार होते. कोणी कोणाला मारत नाही. दिवसभर हे शेतघरांतून आणि रस्त्यांवरून चालते. कार्बन कालमापनानुसार ही शिंगे अकराव्या शतकातील आहेत, पण त्या काळी ब्रिटनमध्ये रेनडियर उरलेच नव्हते, म्हणजे ती बाहेरून आली. नाच मात्र सतराव्या शतकाच्या आधी लिखितात सापडत नाही, आणि शिंगे वर्षभर राहतात ती चर्चमध्येच. हा सोहळा पेगन आहे की ख्रिस्ती, असा प्रश्न गावकरी स्वतःला विचारत बसत नाहीत, आणि मला त्यांचे वागणे शहाणपणाचे वाटते.

७. पेगन कथेत देव दरवर्षी मरतो असे म्हणतात. जो मरतो तो देव कसला?

विक्काच्या वर्षचक्रात आठ सण असतात. डिसेंबरातील सर्वांत लांब रात्री देव जन्मतो, १ मे रोजी त्याचे देवीशी मीलन होते, जूनमध्ये तो ऐन भरात येतो, १ ऑगस्टला पिकाबरोबर त्याची कापणी होते आणि ३१ ऑक्टोबरला तो मृतांच्या जगात जाऊन तेथला रक्षक होतो. या कथेमागे मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी १८९० पासून मांडलेला, मरणाऱ्या आणि पुन्हा उठणाऱ्या देवांचा सिद्धांत आहे. आडोनिस, आट्टिस, ओसायरिस यांना एका साच्यात बसवणारा तो सिद्धांत आजचे अभ्यासक बऱ्याच अंशी मानत नाहीत, पण त्यातून उगवलेली ही कथा पेगन पुरुषांच्या आयुष्यात खोल रुजली आहे.

ज्या पुरुषाला लहानपणापासून ‘रडू नकोस, हरू नकोस’ एवढेच शिकवले गेले, त्याच्यासमोर असा देव येतो, जो भरात असताना स्वतःला पिकासारखा कापू देतो आणि ज्याच्या शरीराची भाकरी होऊन ती सर्वांच्या ताटात जाते. १ ऑगस्टच्या विधीत अनेक मंडळे माणसाच्या आकाराचा पाव भाजतात. तो सुरीने न कापता हातांनी तोडून वाटतात. ज्याचे वडील नुकतेच गेले आहेत, ज्याची नोकरी गेली आहे, ज्याचे शरीर आजाराने थकले आहे, अशा माणसाच्या हातात तो तुकडा आला की त्याला शब्दांनी समजवावे लागत नाही. सामर्थ्य ओसरणे ही नामुष्की नाही, ते वर्षातले एक ठिकाण आहे, हे तो हातांनी शिकतो.

८. ओक राजा आणि होली राजा कोण?

ओक आणि होली या युरोपातील झाडांची नावे असलेले, वर्षाच्या वाढत्या आणि घटत्या अर्ध्या भागांचे दोन राजे, जे दोन्ही अयनान्तांना एकमेकांशी लढतात आणि आळीपाळीने हरतात. ही कल्पना कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९४८ च्या मांडणीतून आलेली आहे. विधीत ही लढाई लुटुपुटीची असते. प्रश्न ७ मधील देवाच्या कथेशी ती तंतोतंत जुळत नाही, आणि बहुतेक मंडळे ती जुळवण्याचा हट्टही धरत नाहीत.

९. पुरुष साधक विधीत प्रत्यक्ष काय करतो?

गार्डनर यांच्या परंपरेत ‘कोव्हन’ नावाचे छोटे मंडळ असते. त्याचे नेतृत्व मुख्य पुजारीण करते आणि पुजारी तिच्या जोडीने काम करतो. वर्तुळ आखणे, चार दिशांना आवाहन करणे, पोळ्या आणि वाइन अभिमंत्रित करणे ही कामे दोघे मिळून करतात. पुजारी देवीला पुजारिणीच्या ठायी आवाहन करतो, आणि काही मंडळांत पुजारीण तसेच आवाहन देवाला पुजाऱ्याच्या ठायी करते. तेव्हा तो देव म्हणून बोलतो. आपल्याकडे अंगात येणे म्हणतात त्याच्याशी याचे काही साम्य आहे, मात्र येथे ते ठरवून, शिकून आणि शांतपणे केले जाते.

या व्यवस्थेत पुरुष मुख्य नसतो, आणि अनेक पुरुषांना तीच मोलाची वाटते. सेवा करणे, जागा राखणे, दुसऱ्याच्या मुखातून आलेला शब्द ऐकून घेणे ही कामे त्याला बाहेरच्या जगात क्वचितच शिकवली जातात.

१०. नग्न विधी, लैंगिक विधी यांविषयी ऐकून भीती वाटते. हे खरे आहे का?

गार्डनर यांच्या मंडळात विधी नग्नावस्थेत होत, आणि त्या परंपरेतील काही मंडळांत आजही होतात. बाकीचे बहुसंख्य पेगन झगे किंवा रोजचे कपडे घालतात. देव-देवीच्या मीलनाचा विधी जवळजवळ सर्वत्र प्रतीकरूपाने, म्हणजे काळ्या मुठीचा ‘अथेमी’ हा सुरा वाइनच्या पेल्यात बुडवून केला जातो.

भीती मात्र अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. ‘पुजारी’ या पदाचा गैरफायदा घेणारे पुरुष इतर धर्मांत आढळतात तसे येथेही आढळले आहेत. प्रवेशासाठी शरीरसंबंधाची अट घालणारा, अल्पवयीनांना आईवडिलांना न कळवता बोलावणारा, प्रश्न विचारणाऱ्याला ‘तुझी तयारी नाही’ असे म्हणून गप्प करणारा कोणीही असो, तेथून तत्काळ निघावे. जबाबदार मंडळे अठरा वर्षांखालील व्यक्तीला दीक्षा देत नाहीत आणि नकाराचा मान राखतात.

११. उत्तरेकडील ओडिन, थोर हे तर निव्वळ योद्धे. त्या परंपरेत पुरुषत्व म्हणजे मर्दुमकीच नाही का?

सिनेमे पाहून असे वाटणे स्वाभाविक आहे, पण मूळ आइसलँडी काव्य वाचले की चित्र पालटते. ओडिन ज्ञानासाठी एक डोळा देऊन टाकतो. ‘हावामाल’ या काव्यात तो स्वतःच स्वतःला बळी म्हणून अर्पण करतो आणि भाल्याने जखमी होऊन नऊ रात्री वाऱ्यात झाडाला लटकत राहतो. त्यानंतर त्याला रून या प्राचीन लिपीची अक्षरे गवसतात. ‘सेइद्र’ नावाची भविष्य जाणण्याची विद्या त्या समाजात बायकांची मानली जाई आणि ती करणाऱ्या पुरुषाला ‘एर्गी’, म्हणजे नामर्दपणा, म्हणून हिणवले जाई. ओडिन ती विद्या करतो, आणि ‘लोकासेन्ना’ या काव्यात कुरापतखोर लोकी भर मेजवानीत त्याला त्यावरून टोचतो. थोरचा हातोडा चोरीला जातो तेव्हा तो परत मिळवायला त्याला नववधूचा शालू, दागिने आणि बुरखा घालून राक्षसाच्या घरी जावे लागते. तीर या देवाला लांडगा बांधण्यासाठी दिलेल्या शब्दापायी आपला उजवा हात गमवावा लागतो.

यांतील प्रत्येक देव काहीतरी गमावतो आणि त्या गमावण्यातूनच त्याची ओळख तयार होते. आसात्रूमधील पुरुष जेव्हा ‘ब्लोत’ या अर्पणविधीत मधाच्या मद्याचा प्याला हाती घेऊन देवाचे नाव उच्चारतो, तेव्हा तो या जखमी देवांचेही नाव घेत असतो.

आइसलँडमधील आसात्रू संघटना १९७२ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. तिचे पहिले प्रमुख स्वेनब्यर्न बेन्टेनसन हे शेतकरी होते आणि जुन्या पद्धतीची पद्ये गाणारे कवी होते. २००३ पासूनचे प्रमुख हिल्मार अर्न हिल्मार्सन हे संगीतकार आहेत. ज्या देशातून ही काव्ये आली, तेथे या धर्माचे नेतृत्व कवी आणि संगीतकाराकडे गेले हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

१२. आमचा मुलगा परदेशात शिकतो. त्याने गळ्यात थोरचा हातोडा घातला आहे. ते वर्णद्वेषी लोकांचे चिन्ह आहे असे कोणी सांगितले. काळजी करावी का?

चिन्हावरून नव्हे, संगतीवरून ओळखावे. नॉर्डिक चिन्हांचा गैरवापर नाझींनी केला आणि आजही गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व सांगणारे गट करतात, हे खरे आहे. परंतु त्याच चिन्हांचे बहुसंख्य भक्त या वापराच्या विरोधात उभे आहेत. अमेरिकेतील एका मोठ्या आसात्रू संघटनेने २०१६ मध्ये वंश आणि लिंग यांविषयी संकुचित भूमिका जाहीर केली, तेव्हा अनेक देशांतील गटांनी ‘हावामाल’च्या १२७ व्या कडव्याचा हवाला देऊन तिच्याशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. वाईट दिसले तर ते वाईट आहे असे बोला, असा त्या कडव्याचा आशय आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर कोरायच्या चिन्हांच्या यादीत विक्काचे चिन्ह असलेला पंचकोनी तारा २००७ मध्ये आणि थोरचा हातोडा २०१३ मध्ये आला.

मुलाला सरळ विचारा की, तो ज्यांच्याबरोबर विधीला बसतो त्यांच्यात त्याच्यासारख्या सावळ्या मुलाला बरोबरीची जागा आहे का. तशी जागा असेल तर काळजीचे कारण नाही. प्रश्न ११ मधील कथा त्याच्याकडूनच ऐकून घ्या.

१३. देव-देवीच्या जोडीवर सगळे उभे असेल तर समलिंगी पुरुषांना तेथे काय स्थान?

विक्कातील ‘स्त्री आणि पुरुष ही दोन विरुद्ध टोके, आणि त्यांच्यामधून शक्ती वाहते’ ही कल्पना मुख्यतः डायन फॉर्च्यून यांच्यासारख्या पाश्चात्त्य गूढवाद्यांकडून आली. गार्डनर यांच्या पिढीत ती इतकी घट्ट होती की समलिंगी पुरुषांना दारातूनच परत पाठवले जाई.

ज्यांना परत पाठवले त्यांनी स्वतःच्या वाटा काढल्या. न्यूयॉर्कमध्ये एडी बुझिन्स्की यांनी १९७० च्या दशकात समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांसाठी ‘मिनोअन ब्रदरहूड’ ही दीक्षापरंपरा सुरू केली. त्यांचे १९८९ साली एड्समुळे निधन झाले. अमेरिकेतील समलिंगी हक्कांच्या चळवळीचे एक आद्य कार्यकर्ते हॅरी हे यांनी काही सहकाऱ्यांसह १९७९ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात मेळावा बोलावला, आणि त्यातून ‘रॅडिकल फेअरी’ हा प्रवाह निघाला. इसवी सन १३० मध्ये नाईल नदीत बुडून मेलेला, सम्राट हेड्रियनने देवपदी बसवलेला तरुण प्रियकर अँटिनोअस आज पुन्हा पूजला जातो.

मुख्य प्रवाहही बदलला. अमेरिकी पेगन लेखिका स्टारहॉक यांनी १९७९ मध्ये देव-देवीच्या द्वंद्वावर भर देऊन लिहिले होते, पण दहा वर्षांनी त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच ती मांडणी अपुरी असल्याचे लिहिले. त्यांच्याशी निगडित ‘रिक्लेमिंग’ परंपरेने २०१२ साली आपल्या मूलतत्त्वांतील ‘देवी आणि देव’ हे शब्द बदलून अनेक देवता आणि लिंगभावाची अनेक रूपे यांना स्थान दिले. स्वतः लिहिलेले असे जाहीरपणे दुरुस्त करण्याचे धैर्य धर्मक्षेत्रात विरळाच दिसते.

१४. केवळ स्त्रियांची मंडळे पुरुषांना प्रवेश नाकारतात. केवळ पुरुषांची मंडळे असू शकतात का? ट्रान्स पुरुषांचे काय?

असू शकतात आणि आहेत. डायॅनिक विक्कासारख्या स्त्रियांच्या मंडळांना स्वतःची जागा हवी होती, ती का, हे प्रश्न २ मध्ये आले आहे. वाद पेटला तो अशा विधींत ट्रान्स स्त्रियांना नाकारण्यावरून. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील एका मोठ्या पेगन संमेलनात हा प्रसंग घडला आणि सर्वांनाच भूमिका घ्यावी लागली. पुरुषांच्या मंडळांतही हाच प्रश्न येतो. काही मंडळे जन्मतः पुरुष असलेल्यांपुरती मर्यादित आहेत, तर बरीच आता स्वतःला पुरुष म्हणून जगणाऱ्या प्रत्येकाला घेतात. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. देव स्वतः हरीण होऊ शकतो, पाने होऊ शकतो, तर शरीराचा दाखला मागण्याचा अधिकार त्याच्या भक्तांना कोणी दिला?

१५. अमेरिकी कवी रॉबर्ट ब्लाय यांची १९९० च्या सुमाराची पुरुषांची चळवळ म्हणजे हीच का?

नाही. ती चळवळ युंगच्या मानसशास्त्रावर आणि लोककथांवर आधारलेली होती. तिच्यात ढोल होते, जंगल होते, वडिलांपासून तुटलेल्या मुलांचे दुःख होते, पण देव हे मनातील प्रतिमा म्हणून होते. पेगन पुरुष देवाला नैवेद्य ठेवतो. काही माणसे दोन्हीकडे वावरली, एवढाच संबंध.

१६. खंडोबा, भैरोबा, म्हसोबा यांना मानणारे आपण मराठी लोकही पेगनच नाही का?

युरोपातील काही पेगन हिंदू धर्माकडे जिवंत राहिलेला थोरला भाऊ म्हणून पाहतात, आणि त्यांचा आदर खरा असतो. तरीही हे नाव आपल्याला लावण्याची घाई करू नये. त्यांच्याकडे धागा तुटला होता आणि तो त्यांनी हाताने पुन्हा जोडला. आपल्याकडे जेजुरीचा भंडारा कधी थांबलाच नाही. त्याचबरोबर जात, सोवळे-ओवळे, वंशपरंपरागत पुजारीपण या ओझ्यांशी आपल्याला झगडावे लागते, जे त्यांच्या वाट्याला त्या रूपात आलेले नाही.

देवाच्या पुरुषपणाविषयी मात्र आपल्याकडे सांगण्याजोगे पुष्कळ आहे. वारकऱ्यांनी विटेवरच्या पुरुषदेवाला शतकानुशतके ‘माउली’ म्हटले. प्रश्न १३ मधील पुरुषांना ज्या वाटेसाठी एवढी धडपड करावी लागली, तिच्याशी नाते सांगणारा हा अनुभव आहे. परदेशातील पेगन मित्रांना तो सांगावा.

१७. मला एकट्याने सुरुवात करायची आहे. महाराष्ट्रात राहून हे वर्षचक्र पाळता येईल का?

एकट्याने साधना करणारे पेगन आज मंडळांत असणाऱ्यांपेक्षा कमी नाहीत, त्यामुळे दीक्षेसाठी अडून राहण्याचे कारण नाही. अडचण येते ती ऋतूंची. ऑस्ट्रेलियातील अनेक पेगन सगळे सण सहा महिन्यांनी पुढे ढकलतात, कारण तेथे डिसेंबरात उन्हाळा असतो. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही, कारण हे चक्र मुळात पावसाळा नसलेल्या देशाचे आहे. १ ऑगस्टला इंग्लंडमध्ये गव्हाचे शेत कापले जाते, तेव्हा कोकणात भाताची लावणी नुकतीच उरकलेली असते. त्यांचा देव ज्या दिवशी विळ्याखाली येतो, त्या दिवशी आपल्या खाचरात तो घोटाभर चिखलात उभा असतो.

म्हणून पहिले वर्ष कोणताही सण पाळू नये. घराजवळचे एक झाड आणि एक ओढा निवडावा, दर अमावास्या-पौर्णिमेला तेथे जावे, आणि पान कधी गळले, पालवी कधी फुटली, पाणी कधी आटले ते वहीत तारखेसह लिहावे. वर्षअखेरीस त्या वहीतूनच आपले सण कोणते ते ठरवता येते. नैवेद्य म्हणून पाणी पुरते. झाडाखाली मेणबत्ती किंवा प्लास्टिक ठेवून येऊ नये.